माफियाच्या पुस्तकातला पिवळा स्टिकर

पान एकशे बारावर त्या माणसाने पुन्हा जबडा आवळला आणि मी पुस्तक मिटून मांडीवर आपटलं. इथपर्यंत त्याचा जबडा सव्वीस वेळा आवळून झाला होता. मी मोजत होतो. अंबरनाथच्या एमआयडीसीत, व्हॉल्व्हच्या कारखान्यात एकतीस वर्षं क्वालिटीत काढल्यावर माणसाची मोजायची खोड जात नाही. एवढा जबडा कुणी खरोखर आवळला असता तर पान साठपर्यंत त्याच्या दाढा निखळल्या असत्या. पण या पुस्तकात दाढा सोडाच, कुणाला साधी सर्दीही होत नाही.

पुस्तक माझ्या मुलीचं. मनाली सत्तावीस वर्षांची, एम.एस्सी. झालेली, इथे बदलापुरातच एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये नोकरीला. तिचं लग्न तेवीस दिवसांवर आलेलं. अंजनाने, म्हणजे माझ्या बायकोने, कपाट आवरताना हे पुस्तक काढलं आणि मेलेली पाल उचलतात तसं दोन बोटांत धरून माझ्यासमोर आणून ठेवलं. वर उघड्या छातीचा एक माणूस, छातीभर गोंदण, एका हातात पिस्तूल, दुसऱ्यात गुलाब. इंग्रजी नावात एक 'ब्लड' होतं आणि एक 'ब्राइड'. अंजनाचं म्हणणं असं, की उन्मेषसारख्या सरळ मुलाशी लग्न ठरलेली पोरगी असला गुंड उशाशी घेऊन का झोपते, तिच्या मनात दुसरंच काही आहे का, हे मी वाचून सांगायचं. तिला इंग्रजी जड जातं आणि मी, तिच्या मते, रिटायर झाल्यापासून नुसता बसलेला असतो.

उन्मेष म्हणजे नरेंद्र पगारेचा मुलगा. नरेंद्र आमच्याच कारखान्यात डिस्पॅचला होता. क्वालिटी आणि डिस्पॅच यांचं जगात कुठेच पटत नाही. त्याला गाडी भरून गेटबाहेर काढायची घाई आणि मला गाडीतला नग तपासल्याशिवाय चैन नाही. आम्ही एकतीस वर्षं भांडलो आणि भांडता भांडता दोस्त झालो. रिटायरमेंटच्या जेवणात त्यानेच विषय काढला आणि मी तिथल्या तिथे शब्द दिला. स्थळात नाव ठेवायला जागाच नव्हती. मुलगा उल्हासनगरला एका पॅकेजिंग कंपनीत अकाउंट्सला, सुपारीचंसुद्धा व्यसन नाही, आईला दवाखान्यात स्वतः घेऊन जातो. आमच्यात हुंडा नाही, कुंडली नाही, मानपान नाही. विहारात पांढऱ्या कपड्यांत लग्न आणि दुपारी साधं जेवण. पोरीने ट्रे घेऊन मान खाली घालून यायचं, हा प्रकार मी माझ्या घरात होऊ दिला नाही. मनाली सरळ येऊन सोफ्यावर बसली. दोघांना बाल्कनीत दहा मिनिटं बोलायला दिलं. मग सगळ्यांसमोर मी तिला विचारलं, मुलगा बरा आहे ना, आणि ती 'हं' म्हणाली. दर आठ मार्चला विहारात बायकांच्या हक्कांवर भाषण करणारा माणूस मी. संमती म्हणजे काय हे मला कुणी शिकवायची गरज नव्हती.

उल्हासनगरच्या प्रेसमधून लग्नपत्रिकेचं प्रूफ आलं तेही मी एकट्याने पास केलं नाही. मनालीला बघायला दिलं. दोन दिवसांनी ते टीपॉयवर पडलेलं, आणि त्यावर एक पिवळा स्टिकर. मी समजलो, कुठेतरी चूक आहे. चष्मा लावून तीनदा वाचलं तेव्हा सापडली. मंगल परिणयाची वेळ साडेअकराऐवजी साडेदहा छापली होती. बघ, पोरगी कुणाची आहे, असं अंजनाला ऐकवलं, वेळ सुधारली, स्टिकर काढला आणि प्रूफ परत पाठवलं. कामाचा स्टिकर फेकवत नाही म्हणून तो मोबाइलच्या पाठीवर चिकटवला. तिथेच राहिला.

तर हे पुस्तक. गोष्ट अमेरिकेतल्या दोन इटालियन गुंड घराण्यांची. एका बंदरावरून त्यांची मारामारी चाललेली. मुलीचा बाप, तो मोठा डॉन, शेवटी समेट करतो, आणि समेट म्हणून आपली मुलगी समोरच्या डॉनला देऊन टाकतो. ज्याला देतो तोच तो मुखपृष्ठावरचा उघडा माणूस. त्याचं नाव माझ्या जिभेला वळेना म्हणून मी त्याला भाई म्हणायला लागलो. भाईकडे चार काळ्या गाड्या, एक काचेचं घर आणि कामधंदा असा काहीच नाही. सकाळी उठून कुणी कामावर जाताना मला त्या पुस्तकात दिसलं नाही. पान तीसला भाई एकाला गोळी घालतो. पोलीस नाही, पंचनामा नाही, गालिचा कुणी धुतला तेही लिहिलेलं नाही. पान एकतीसला हा त्याच शर्टात जेवायला बसतो. पोरगी घरात आली की घरभर कॅमेरे लावतो. तिचा मोबाइल काढून घेतो. तिच्याकडे टक लावून बघणाऱ्या वेटरचं बोट मोडतो, आणि ते बघून पोरीचे गुडघे लटपटतात. भीतीने नव्हे. माझं डोकंच फिरलं. स्वयंपाकघरात जाऊन अंजनाला हे सगळं सांगायला लागलो तर ती म्हणाली, आवाज कमी करा, शेजारच्यांना वाटेल आपलंच भांडण चाललंय.

मधली काही पानं मी वाचली नाहीत. मुलीचं पुस्तक वाचताना बापाने काही पानं न बघता उलटावीत. इथे ती सहा-सहा एकदम उलटावी लागत होती.

दुसऱ्या दिवशी किर्ती आली. ही अंजनाच्या बहिणीची मुलगी, कॉलेजात आहे, आणि पुस्तक मनालीच्या आधी तिनेच वाचलं होतं. मी तिला धारेवरच धरलं. शिकलेल्या मुली तुम्ही, हा माणूस उद्या खरा दारात आला तर काय कराल, असं विचारलं. ती म्हणाली, ब्लॉक करू. "काका, तुम्ही एवढं सीरियस का घेता? टाइमपास आहे. अरेंज्ड मॅरेजचा ट्रोप आहे हा." ट्रोप म्हणजे काय, तर म्हणे साचा. अशी शेकड्याने पुस्तकं निघतात, डॉन बदलतो, साचा तोच.

साचा म्हटल्यावर मला जरा बरं वाटलं. साच्यातून निघालेला माल कसा तपासायचा ते मला येतं. सगळे नग कुणी तपासत बसत नाही. लॉटमधले ठरावीक नग काढायचे, ते बरोबर निघाले की लॉट पास. मी ठरवलं, राहिलेली साडेतीनशे पानं अशीच काढायची. भाईचा जबडा मोजण्यात माझं आयुष्य घालवायचं नव्हतं.

कुठली पानं काढावीत म्हणून पुस्तक आडवं धरलं, तेव्हा कडेने डोकावणाऱ्या रंगीत पट्ट्यांकडे पहिल्यांदा नीट लक्ष गेलं. मला आधी त्या साध्या खुणा वाटल्या होत्या. त्या माझ्याच, कारखान्यात नगांना लावायच्या स्टिकरच्या होत्या. रिटायर होताना उरलेले तीन रोल मी घरी आणले होते. मनालीने कात्रीने त्यांच्या बारीक पट्ट्या कापून पानांना लावल्या होत्या.

हिरवा म्हणजे पास. लाल म्हणजे रिजेक्ट. पिवळा म्हणजे होल्ड. होल्ड म्हणजे नग खराब आहे असं नाही. अजून ठरलेलं नाही, एवढंच, आणि ठरेपर्यंत तो जागचा हलत नाही. नियम एकच, ज्याने पिवळा लावला त्यानेच तो काढायचा. मॅनेजरनेही हात लावायचा नाही. आम्ही मोरिवलीला भाड्याच्या खोलीत राहायचो तेव्हा मनाली हे स्टिकर घेऊनच खेळायची. कारल्याच्या पातेल्याला लाल लावायची. सात वर्षांची असताना मामाने आणलेल्या फ्रॉकला तिने पिवळा लावला. चौदा एप्रिलच्या मिरवणुकीला तोच घाल म्हणून अंजना तिच्या मागे लागली, तेव्हा मीच मध्ये पडलो. पोरीने होल्ड केलाय, तिलाच काढू दे म्हणालो. फ्रॉक अकरा दिवस खुंटीला लटकला. बाराव्या दिवशी तिने स्वतः स्टिकर काढला आणि तो फ्रॉक पुढे फाटेपर्यंत घातला.

तेव्हा माझं काम सोपं झालं. लाल पट्ट्या नऊ होत्या. कॅमेऱ्यांचं पान लाल. मोबाइल काढून घेतला ते लाल. वेटरचं बोट लाल. भाई तिला भिंतीशी दाबून तू माझी आहेस म्हणतो, तिथे एकावर एक दोन लाल. हिरव्या पाच. त्यातल्या दोन बघितल्या. एकीत ती पोरगी एकटीच गाडी घेऊन समुद्रावर जाते, दुसरीत भाई तिला पहिल्यांदा विचारतो की तुला काय खायचंय. मला इतकं हायसं वाटलं की मी उठून चहा स्वतः केला.

अंजनाला रिपोर्ट दिला. मुलीने गुंडाला रिजेक्ट केलंय. तिला साधा, विचारपूस करणारा माणूस हवाय, आणि उन्मेष तसाच आहे. लॉट पास. अंजना भाजी निवडत होती. म्हणाली, पोरीचं लग्न आहे, व्हॉल्व्ह नाहीत. मग म्हणाली, "आणि ह्या पिवळ्या किती दिसतायत, त्यांचं काय?"

सतरा होत्या. मी म्हणालो, ते तिचं अजून ठरलं नसेल, गोष्टीतलं काहीतरी असेल. पिवळ्या मी वाचल्या नाहीत. खरं सांगायचं तर मला त्या पुस्तकाचा वीट आला होता.

शनिवारी सकाळी ॲक्टिव्हा काढून उल्हासनगरला गेलो, पत्रिका आणायला. कॅम्प तीनच्या त्या प्रेसमध्ये नरेंद्र आधीच येऊन बसला होता. प्रेसवाल्या सिंधी शेठने तीनशे पत्रिकांची पिशवी काउंटरवर ठेवली आणि म्हणाला, "साईं, टाइम की मिस्टेक आपने पकडी, नहीं तो सब मेहमान एक घंटा पहले आते." मी फुगलो. नरेंद्र मला शेजारच्या हॉटेलात दाल-पकवान खायला घेऊन गेला आणि तिथे व्याह्याच्या थाटात जेवणाचा हॉल, मेनू, बस सगळं सांगत सुटला. मी मध्येच म्हणालो, एकदा पोरांनाही विचारू, हॉल लांब पडतो का वगैरे. तर म्हणाला, पोरांना काय विचारायचं, शब्द आपला झालाय. आणि हसत हसत पुढे म्हणाला, "बबन, एकतीस वर्षांत पहिल्यांदा तू माझी गाडी होल्ड न करता सोडलीस."

मस्करीच केली होती. पण येताना अंबरनाथपासून बदलापूरपर्यंत ते वाक्य डोक्यातून जाईना. शब्द झालाय, हे मी नुकतंच कुठेतरी वाचलं होतं, इंग्रजीत.

घरी मनाली नव्हती. तिची सकाळची ड्युटी, तीनपर्यंत येते. मी पिशवी टेबलावर ठेवली, पुस्तक घेतलं आणि पहिली पिवळी पट्टी उघडली. मुलीचा बाप आपल्या माणसांना सांगतोय की मी शब्द दिलाय, आता मागे फिरणं नाही. दुसरी पट्टी, बाप. बायकोला सांगतोय, मुलीचं भलं मला कळतं. तिसरी सोडून चौथी उघडली, पुन्हा बाप. भाई एकाही पिवळ्या पानावर नव्हता. मी ज्याला पहिल्या दिवसापासून नालायक, बेशरम, पोरगी विकून खाणारा म्हणत होतो, त्या माणसाच्या प्रत्येक वाक्यापाशी माझ्या मुलीने होल्ड लावला होता. माझी मुलगी मला कधी नाही म्हणालेली नाही, असं तो एका ठिकाणी अभिमानाने म्हणतो. तिथेही पट्टी होती.

मग तिसरीकडे परत आलो. पान एक्केचाळीस. आधी वाचलं होतं, पण तेव्हा समासाकडे लक्ष गेलं नव्हतं. दिवाणखान्यात चाळीस माणसं उभी आहेत, सगळ्यांच्या हातात दारूचे भरलेले ग्लास. बाप मुलीला मध्ये बोलावतो, आपला ग्लास वर करतो आणि विचारतो, तू खूश आहेस ना? ती हो म्हणते. सगळे पितात. त्या ओळीशेजारी, समासात, पेन्सिलने बारीक अक्षरात मराठीत एकच शब्द लिहिला होता. पेढा.

मला आधी हसू आलं. इटालियन डॉनच्या घरी पेढा कुठून आला? हसू अर्धवट राहिलं. त्या दिवशी आमच्या हॉलमध्ये बारा माणसं होती. पेढ्यांचा बॉक्स माझ्या हातात होता, झाकण काढलेला. मुलगा बरा आहे ना, हे मी विचारलं तेव्हा दुसऱ्या हातातला पेढा मनालीच्या तोंडाशी धरलेला होता. ती 'हं' म्हणाली की तिच्या तोंडात पेढा गेला म्हणून तसा आवाज आला, हे मला आता सांगता येईना. मला लाज वाटली. साठ वर्षांच्या माणसाला एकट्याने बाल्कनीत बसून वाटावी तितकी वाटली.

सोळा पट्ट्या वाचल्या आणि पुस्तक मिटलं. किती वाजले बघायला मोबाइल उचलला. तो पालथा पडला होता आणि पाठीवर तो पिवळा स्टिकर.

एकतीस वर्षांत मी दुसऱ्याने लावलेला होल्ड कधी काढला नाही. एकदा परदेशी पार्टी येऊन बसली होती, गाडी भरून तयार होती, नरेंद्र माझ्या अंगावर धावून आला होता, मॅनेजरने नोकरीची धमकी दिली होती. तरी पिवळा लावणारा माणूस सुट्टीवरून परत येईपर्यंत मी त्या नगाला कुणाला हात लावू दिला नव्हता. आणि हा मी सोलून काढला होता, वर स्वतःचीच पाठ थोपटून घेतली होती.

मनाली सव्वातीनला आली. टेबलावर पत्रिकांची पिशवी, शेजारी तिचं पुस्तक. ती पुस्तकाकडे बघून थांबली. अंजना स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली. मी मोबाइल पालथा तिच्यासमोर ठेवला.

"हा तू पत्रिकेवर कशाला लावला होतास?"

"तुम्ही काढलात ना," ती म्हणाली.

"वेळ चुकली होती. साडेदहा छापलं होतं."

"अच्छा? मी एवढं खाली वाचलंच नाही. मी तो माझ्या नावावर लावला होता."

हे खरं होतं. स्टिकर तिच्या नावावर होता. खाली नाव बरोबर छापलंय का बघायला मी तो उचलला होता, आणि नाव बरोबर होतं म्हणून पुढे गेलो होतो.

चूक आपली असली की माझा आवाज चढतो. तसा चढला. मी म्हणालो, तोंड आहे ना तुला, घरात बोलायला बंदी आहे का, स्टिकर लावून काय ठेवतेस, सगळ्यांच्या देखत विचारलं होतं मी.

ती बॅग खांद्यावरून न काढताच उभी होती. "हो, विचारलं होतं. तेव्हा पेढा माझ्या तोंडासमोर होता, पप्पा. नरेंद्रकाका तुम्हाला मिठी मारायला उठले होते. काकू डोळे पुसत होत्या. त्यात कोण नाही म्हणतं? मला वाटलं, बाकी कुणी नाही तरी तुम्ही पिवळा बघून थांबाल."

मी विचारलं, उन्मेषमध्ये काही खोट आहे का. ती म्हणाली, मला काय माहीत. बाल्कनीतल्या दहा मिनिटांत सहा मिनिटं किर्ती सेल्फी काढत होती, दोन मिनिटं आई पाणी द्यायला आली, आणि उरलेल्या दोन मिनिटांत त्याने इथे नेटवर्क बरं येतं का एवढंच विचारलं. त्यानंतर प्रत्येक वेळी हॉल, साडी आणि जेवण. "चांगलाही असेल तो. होल्ड म्हणजे रिजेक्ट नाही, हे तुम्हीच शिकवलंय मला."

"मग आता विचारतो," मी म्हणालो. दोन्ही हात रिकामे करून टेबलावर ठेवले. "तुला हे लग्न करायचंय का?"

"विचार करून सांगते."

"किती दिवसांत?"

"तेही विचार करून सांगते."

वीस दिवस राहिले होते. हॉल ठरलेला, तीनशे पत्रिका छापून समोर पडलेल्या, माझ्या दोन्ही बहिणी गावाहून निघायच्या तयारीत, आणि ही विचार करून सांगणार होती. असा संताप आला की माझा जबडा गच्च आवळला गेला. ते माझं मलाच कळलं, आणि मी तो हळूहळू सैल केला. मग तिच्यासमोरच नरेंद्रला फोन लावला.

त्याला सांगितलं की पत्रिका इतक्यात वाटायच्या नाहीत, थोडं थांबायचंय. त्याला आधी वाटलं घरात कुणी गेलं. मग त्याला कळलं, आणि कारखान्यातला जुना नरेंद्र जागा झाला. आयुष्यभर माझ्या गाड्या अडवल्यास, आता पोराचं लग्न पण अडवतोस का, असं तो ओरडला. ते बाजूला उभ्या असलेल्या अंजनालाही ऐकू गेलं. दिलेल्या शब्दाची आठवण करून दिली. नात्यात तोंड कसं दाखवू म्हणाला. सगळं बरोबर होतं त्याचं. शेवटी दमला आणि म्हणाला, "मला एवढंच सांग, पोरगी काय म्हणते? हो का नाही?"

"अजून काही म्हणाली नाही. मी आत्ताच विचारलंय."

"आत्ता? तीन महिने झाले लग्न ठरून."

"हो," मी म्हणालो. "अर्ध्या तासापूर्वी विचारलं."

तो म्हणाला की उन्मेष घरातच आहे, त्याच्याशी बोलतो, आणि फोन ठेवला.

अंजनाने पत्रिकांची पिशवी उचलली आणि माळ्यावर टाकून आली. मोबाइलवरचा स्टिकर काढून मी मनालीला द्यायला गेलो, तर त्याचा गोंद गेलेला, तो बोटाला धरेना. ती म्हणाली, राहू दे, माझ्याकडे रोल आहे. मग पुस्तकाकडे हात करून तिने विचारलं, संपलं का. मी म्हणालो, शेवटची चाळीस पानं राहिलीत. भाईचं काय होतं ते कळून मला काही करायचं नाही.

"भाई कोण?" ती म्हणाली. मी मुखपृष्ठ दाखवलं. ती हसली. त्या दिवसातलं पहिलंच हसणं. "त्याचं सोडा. शेवटी ती बापावर पिस्तूल रोखते."

"मारते?"

"वाचा की," असं म्हणून ती हातपाय धुवायला गेली.

मी सतरावी पट्टी उघडली. बाप खुर्चीत बसलाय, समोर मुलगी, हातात पिस्तूल. बाप म्हणतो, तू काय करणार ते मला माहीत आहे. पानाच्या तळाशी ती घोड्यावर बोट ठेवते आणि पान संपतं. पुढे काय झालं ते मागच्या बाजूला होतं. मी पान उलटलं नाही. पट्टी पिवळी होती आणि तिचा एक कोपरा सुटत आला होता. मी तो अंगठ्याने दाबून नीट बसवला आणि पुस्तक मनालीच्या टेबलावर ठेवून आलो.